बोटभर पिनेनं खाल्लेला जीव

रविवारची सकाळ, सहा वाजून चाळीस मिनिटं. वेळ मला पक्की माहीत आहे, कारण गाडीत बसता बसता मी ह्यांच्या मनगटावरचं घड्याळ बघून ठेवलं होतं. पुढे कुणी विचारलंच, "घरातून किती वाजता निघाले होते?" तर सांगता यायला हवं ना!

मी तशीच आहे. दार वाजलं की मी आधी फटीतून बघते, आणि तार आली तर फोडायच्या आधीच मी खाली बसते. माझ्या भीतीला घरात सगळे हसतात. पण एक सांगते, किस्से साठतात ते भित्र्या माणसाकडेच. धीट माणूस झालं-गेलं विसरून पानावर बसतो. भित्र्याला तीच गोष्ट महिनाभर पुरते. बोटाएवढ्या एका लोखंडी पिनेपायी आषाढापासून दसऱ्यापर्यंत आमच्याकडे जे जे झालं, ते मंडळातल्या हळदीकुंकवाला सांगायला बसले, तर बायका उठेचनात. "लिहून काढ गं वत्सला," म्हणाल्या. सातवीपर्यंतच शाळा झाली माझी, पण अक्षर बरं आहे. म्हणून लिहिते.

आमचे हे इथल्या सरकारी कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं-साचे बनवतात त्या खात्यात, आहेत. बेंगळूरला मल्लेश्वरममध्ये अण्णांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. अण्णा आणि त्यांच्या घरच्या अक्का आपल्यातलेच, पण त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले. बोलतात मराठी, मात्र दर वाक्याला एक "स्वल्प", म्हणजे जरासं, आणि एक "सरी", म्हणजे बरं, असतं. आम्हाला एकच मुलगी, नंदा, चार वर्षांची. आणि ह्यांचं दुसरं अपत्य म्हणजे ती गाडी!

लढाईच्या वेळची अमेरिकन गाडी. मालक विलायतेला निघून गेला आणि ती कुठल्याशा बंगल्यात झाडाखाली दोन पावसाळे उभी होती. ह्यांनी ती आणली आणि आठ महिने खपून चालू केली. गिअरचा दांडा खाली पायाशी नाही, वर स्टिअरिंगच्या चाकाखाली आडवा, छत्रीच्या मुठीसारखा. मला ती कधीच आवडली नाही. "तुझी भीती एकदा मोडूनच टाकतो," असं म्हणून त्या रविवारी ह्यांनी आम्हा दोघींना सँकीच्या तळ्यापर्यंत फिरवून आणायचं ठरवलं.

जाताना सगळं ठीक. तळ्याशी गाडी वळवायला हे थोडे मागे आले आणि मग दांडा पुढच्या गिअरला पडेचना. दांडा फिरायचा, आवाजही यायचा, पण गाडी जायची मागेच!

"आता?" मी म्हटलं.

"आता काय! मागे तर जाते ना?" हे म्हणाले.

आणि आम्ही तळ्यापासून घरापर्यंत सगळा रस्ता मागे-मागे आलो. हे मान वळवून मागच्या काचेतून बघत होते. मी नंदाला पोटाशी धरून डोळे मिटले होते. वाटेत एक दूधवाला गाय घेऊन चालला होता. गाडीचं तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे बघून त्याला सुचेना की गाय कुठल्या बाजूला ओढावी. शेवटी गायच शहाणी, ती आपणहून कुणाच्या तरी ओट्यावर चढली.

अण्णा फाटकात दात घासत उभे होते. त्यांच्यासमोरून गाडी पाठमोरी आत शिरली. अण्णांनी चूळ भरली आणि विचारलं, "काय हो, घरी यायची इतकी घाई? तोंड फिरवायला पण स्वल्प टाइम नव्हता?"

*

दुखणं काय ते त्याच दिवशी कळलं. वरच्या दांड्यापासून एक सळई खाली इंजिनाशेजारी जाते. ती सळई आणि गिअर ह्यांना जोडणारी एक पिन असते. ती मधे झिजली होती आणि दोन्हीकडे गंजून घट्ट बसली होती. जुनी काढायची आणि नवी घालायची, एवढंच काम.

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"पंधरा मिनिटं," हे म्हणाले.

तीन महिने लागले!

पहिला उपाय रॉकेलचा. गंज सुटावा म्हणून पिनेवर रॉकेल सोडत राहायचं. हे कारखान्यात गेले की ते काम माझ्याकडे. सकाळी दोन थेंब, संध्याकाळी दोन थेंब. नंदाच्या कानात तेल घालायची काचेची नळी होती, तीच घेतली. दोन्ही वेळा मी पदर खोचून त्या लोखंडाच्या धुडाखाली मानेपर्यंत सरकायची, डोळे मिटून थेंब सोडायची, आणि सरपटत बाहेर यायची. गाडी तेव्हा आपल्या चारही चाकांवर उभी असायची, तरी मी आधी रामरक्षा म्हणून घ्यायची. ह्यांचे मित्र बापट त्याच टूलरूममधले. रोज कारखान्याच्या बससाठी आमच्या फाटकाशी यायचे आणि हाक मारायचे, "वहिनी, पेशंट कसा आहे? डोस चुकवू नका!"

आठवड्याभरानं अक्का दुपारी रसमचं भांडं घेऊन आल्या. चेहरा अगदी उतरलेला. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सांगायचं नाही काय गं? आम्ही काय परके?"

"काय सांगायचं?"

"नंदा सांगितली की आता. बाबा सुट्टीच्या दिवशी दिवसभर जमिनीवर निजून असतात, आणि आई सकाळ-संध्याकाळ औषध घालते म्हणून!"

रसम फार छान झालं होतं. आम्ही ते ठेवून घेतलं.

*

मग आला जॅक. गाडी एका बाजूनं उचलायची आणि खाली उताणं पडून पिनेवर हातोडा घालायचा. ह्यांचं अंग कमरेपर्यंत गाडीखाली, बाहेर नुसते दोन पाय. मी त्या पायांकडे बघत पायरीवर बसायची. दर घावाला गाडी हलायची आणि माझ्या छातीत कुणीतरी तोच हातोडा मारायचं. पाय हलले की मला बरं वाटायचं. जरा वेळ हलले नाहीत की मी ओरडायची, "अहो!"

"काय गं?"

"काही नाही."

असं दर पाच मिनिटांनी. शेवटी ह्यांनी न विचारताच अधूनमधून अंगठा हलवायला सुरुवात केली.

एका रविवारी अक्कांनी जास्वंदीला घातलेलं पाणी वाहत आलं आणि जॅकखालची माती भिजली. मी बघत होते. जॅक खचला! डोळ्यांदेखत गाडी खाली आली. मी जी किंचाळले, ती समोरच्या घरातले लोक बाहेर आले. हे घाईघाईनं सरपटत बाहेर आले. तोंड काळं, कपाळाला ग्रीस.

"काय झालं? काय झालं?"

"अहो, गाडी एक इंच खचली!" मी रडत होते.

ह्यांनी खिशातली पट्टी काढली. वाकले. जॅकच्या अंगावरची खूण बघितली, मोजलं. आणि मला म्हणाले, "इंच कुठे? इंचाला आठ सूत लागतात, हे पाचच!"

त्या दिवसापासून मी हट्टच धरला की जॅकवर भरवसा नाही, दुसरं काहीतरी भक्कम खाली पाहिजे. काय मिळणार? अक्कांचा इडली वाटायचा दगडी रगडा! आम्ही दोघींनी तो लोळवत लोळवत आणला आणि गाडीच्या पोटाखाली बसवला. जॅक सुटलाच तर गाडी रगड्यावर बसेल, माणसावर नाही. मला जरा धीर आला.

दुसऱ्या रविवारी अक्कांनी सोमवारच्या इडलीसाठी तांदूळ-उडीद भिजवले. वाटायला बसायची वेळ झाली तर रगडा गाडीखाली आणि ह्यांचे पाय बाहेर! अक्कांनी पाट मांडला गाडीशेजारीच, भिजलेल्या डाळीचं पातेलं ह्यांच्या पायांशी ठेवलं आणि मला म्हणाल्या, "तुझ्या यजमानांना सांग गं, तिथेच आडवे पडलेत तर स्वल्प दोन हात फिरवा म्हणावं!"

*

हातोडा झाला, रॉकेल झालं. बापट म्हणाले, "आता शेक द्यायचा." आणि कुणा ओळखीच्या नळवाल्याकडून ब्लोलॅम्प घेऊन आले. फुर्रर्र आवाज करत निळा जाळ सोडणारी ती पितळी चिमणी बघूनच मी दोन पावलं मागे सरले.

"अहो, गाडीत पेट्रोल आहे ना?"

"टाकी मागे आहे. आपण पुढे तापवतोय."

"पण मागचं पेट्रोल पुढे येतंच की! नाहीतर गाडी चालते कशी?"

दोघंही एकमेकांकडे बघायला लागले. मग ह्यांनी इंजिनाकडे जाणारी पेट्रोलची नळी काढली आणि बंद केली. बापट म्हणाले, "वहिनी, तुम्हाला टूलरूममध्ये घ्यायला पाहिजे!" पण मला त्या वेळी हसू येत नव्हतं. मी नंदाला अक्कांकडे पाठवलं. घरातली सगळी भांडी काढली. हंडा, कळशी, घागर, बादली, पातेली, नंदाचा आंघोळीचा टब, अगदी लोट्यासुद्धा. सगळी भरून गाडीच्या भोवती गोल मांडली, जसं काही तिचं डोहाळजेवणच! आणि स्वतः हातात ओलं घोंगडं घेऊन उभी राहिले.

अर्धा तास शेक दिला. पिन लालबुंद झाली, पण जागची हलली नाही. हे बाहेर आले, घामानं निथळत होते. "चहा टाक गं," म्हणाले.

"पाणी नाही," मी म्हटलं. नळ सकाळी सहाला गेला की दुसऱ्या दिवशी येतो, आणि घरातलं पाणी सगळं गाडीभोवती. त्यात काजळी आणि धूळ पडलेली.

बापट एका पालथ्या डब्यावर बसले, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "पिन तापली, तुम्ही तापलात, हा तर वितळायलाच आला. चहा तेवढा तापला नाही!"

*

शेवटी बाहेरचा माणूस बोलवावा लागला. ह्यांना ते फार लागलं. इंचाचा हजारावा हिस्सा मोजणारी ही माणसं, आणि एका पिनेसाठी रस्त्यावरचा मिस्त्री! मस्तानभाई आले सायकलवरून. पांढरी दाढी, पिशवीत एक हातोडा, एक टोकाशी वाकवलेली सळई, आणि एक जुना खिळा. एवढंच.

जॅकच्या बाजूला मी नेहमीप्रमाणे बसले होते. मला बघून म्हणाले, "अम्मा, डरो नक्को. गाडी के नीचे चालीस बरस हो गए, अभी तक ऊपरच हूं!"

खाली गेले. हातोड्याचा आवाज नाही. नुसतं खरवडल्याचं खर्र-खर्र ऐकू येत होतं. खिळ्यानं ते चिखल खरवडत होते. त्या गाडीच्या पोटाला दहा वर्षांचं ग्रीस आणि चिखल लागून दगड झालेला. मग आतून विचारलं, "साब, आप किधर से मारे?"

ह्यांनी वाकून दाखवलं. "या बाजूनं. हातोडा याच बाजूनं बसतो."

"कितने दिन?"

"तीन रविवार."

मस्तानभाई बाहेर आले. दाढीवरची माती झटकली आणि हळूच म्हणाले, "साब, पिन को एक तरफ सर रहता है, खिळे के सरीखा. आप तीन इतवार उसके सर पे मारे. वो कैसे निकलना?"

ह्यांच्या टूलरूममध्ये प्रत्येक वस्तू धुऊन-पुसून चकचकीत होऊन टेबलावर येते. आधी घाण खरवडून बघावी, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं! मस्तानभाईंनी ती वाकडी सळई पलीकडच्या बाजूनं घातली, तीन घाव घातले, आणि टण्णकन पिन जमिनीवर पडली. मधे झिजून डमरूसारखी झाली होती.

गिअर तेव्हा रिव्हर्समध्येच, म्हणजे मागे जायच्याच जागी, अडकलेला. मस्तानभाईंनी तोही हातानं सोडवून मोकळा केला, म्हणजे गाडी ढकलता येईल. जाताना बापट त्यांना म्हणाले, "भाई, आमच्या कारखान्यात या की."

मस्तानभाई सायकलवर टांग टाकत म्हणाले, "नक्को साब. उधर सब साफ रहता. मेरे कू कुछ दिखेगाच नहीं!"

*

नवी पिन मात्र ह्यांनी स्वतः करायची ठरवली. गेलेली अब्रू परत मिळवायची होती ना! चिकपेठेकडे बापटांच्या ओळखीचं एक लेथचं दुकान होतं. दोन शनिवार दोघं तिकडेच. कागदावर नकाशा काढला, पोलाद निवडलं, मायक्रोमीटरनं मोजलं. पिन अशी सुंदर झाली की नंदा म्हणाली, "मला पाहिजे!"

भोक जेवढं तेवढीच पिन. केसाएवढाही फरक नाही. आणि म्हणूनच ती आत जाईना! गाडीतलं भोक काही टूलरूममधलं नव्हतं, वीस वर्षं झिजून ते अंड्यासारखं लांबट झालेलं.

"पिन बरोबर आहे," हे म्हणाले.

"मग चूक गाडीची," बापट म्हणाले. "तिला परत अमेरिकेला पाठवू!"

परत लेथ, परत शनिवार. पिन स्वल्प बारीक केली. आता मीही अण्णांसारखीच बोलायला लागले बघा! आता ती भोकात सुळकन जाते, असं हे बघून आले. पण बसवल्यावर ती निसटू नये म्हणून तिच्या टोकाला आणखी एक वाकवायची बारीक पिन लागते, ती आणायची राहिली. ती आणली अष्टमीच्या संध्याकाळी. "उद्या सकाळी उठलो की अर्ध्या तासात बसवतो," हे म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी होती खंडेनवमी.

*

आता हे शेवटचं.

बेंगळूरची खंडेनवमी म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यांनाच ठाऊक. इथे तिला आयुधपूजा म्हणतात. सायकलपासून बसपर्यंत प्रत्येक चाकाला गंध, फुलं, केळीचे खांब. चाकांखाली लिंबं ठेवायची आणि गाडी त्यांच्यावरून पुढे काढायची. घरातली सगळी हत्यारं देवापुढे मांडायची, आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही.

हे उठून बघतात तो हातोडा नाही, पकड नाही, पान्हे नाहीत! अक्का पहाटेच सगळं गोळा करून गेल्या होत्या. त्यांच्या देव्हाऱ्यासमोर केळीच्या पानावर ह्यांची सगळी हत्यारं कुंकू लावून मांडलेली, आणि मधोमध ती नवी पिन. तिच्यावर एक शेवंतीचं फूल.

"अक्का, फक्त अर्धा तास द्या!"

"देवापुढे बसलेलं उठवायचं काय? उद्या."

ह्यांचाही नाइलाज. कारखान्यातसुद्धा त्या दिवशी यंत्रं बंद असतात. तेवढ्यात अण्णा आले. अंगणात रांगोळी घालायची, त्यांच्या दोन गाई पूजेला आणायच्या, तर गाडी आजचा दिवस बाहेर ठेवा म्हणाले. ह्यांनी, बापटांनी आणि अण्णांनी मिळून गाडी ढकलत रस्त्यावर नेली.

आमच्या क्रॉसला, म्हणजे आडव्या गल्लीला, उतार आहे. तो खाली बसच्या मोठ्या रस्त्याला जाऊन मिळतो.

मी ह्यांना विचारलं, "ही इथे थांबेल?"

ह्यांनी मला नीट समजावून सांगितलं. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवतात, म्हणजे ती धरून राहते. पण आता पिन नाही. वरचा दांडा कितीही हलवला तरी खाली गिअरला त्याचा पत्ता नाही. हँडब्रेक आहे, पण तो नावाला. म्हणून पुढच्या चाकांना दगड लावायचे. अण्णांच्या गोठ्यामागचे दोन मोठे दगड आणले आणि हातोड्याविना पायानंच ठोकून बसवले. माझं समाधान झालं नाही. मी नंदाची पाटी घेतली, आणि चांगल्या ठळक अक्षरात लिहिलं: "दगड काढू नयेत. गाडीला गिअर नाही." पाटी दोरीनं गाडीच्या पुढच्या जाळीला बांधली. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं, आता काळजी नाही. आणि मी पुरण वाटायला आत गेले.

आरतीचं ताट घेऊन बाहेर आले तेव्हा अकरा वाजले असतील. गाडीभोवती ही गर्दी! गल्लीतल्या बायका, पोरं. गाडी अशी नटलेली की ओळखू येईना. छतावर झेंडू, दारांना आंब्याची पानं, बॉनेटवर गंधाचे पट्टे. आम्ही नवे, आमची पूजा राहून जाईल, म्हणून अक्कांनी मायेनं सगळं स्वतः केलं होतं. हे आणि बापट नारळ घेऊन एका बाजूला कौतुकानं उभे. नवं परकर-पोलकं घातलेली नंदा ड्रायव्हरच्या जागेवर बसवलेली. दोन वेण्या, लाल रिबिनी.

मी खाली बघितलं. चारही चाकांखाली चार लिंबं. पिवळीधमक.

"अक्का, दगड कुठायत?"

"ती धोंडी काय? काढून टाकली की. लिंबं कुठे ठेवायची मग?"

मी पाटीकडे बोट केलं. पाटीला हळद लावलेली, कुंकू लावलेलं, वर झेंडूची माळ.

"अक्का, यावर लिहिलंय ना! वाचलं नाही तुम्ही?"

"श्री का काय लिहिली असशील म्हणून गंध लावलं," अक्का म्हणाल्या. आणि मग खालच्या आवाजात, "माझी शाळा कन्नडमधली गं."

तीन वर्षं मी त्यांच्याशी मराठीत बोलत होते. त्यांना आपली अक्षरं येत नसतील, असं माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

फट्!

लिंबू फुटलं. लगेच दुसरं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पोरं ओरडली. बापटांनी हात वर करून म्हटलं, "वा! काय मुहूर्त साधलास लेका!" आणि शेजारी बघितलं, तर हे तिथेच उभे होते, हातात नारळ घेऊन.

"मग गाडीत कोण आहे?" बापट म्हणाले.

माझ्या हातातलं ताट कधी पडलं मला माहीत नाही. हे धावत होते, बापट धावत होते, मी धावत होते. गाडी पुढे. आधी चालल्यासारखी, मग धावल्यासारखी. मागच्या काचेत दोन लाल रिबिनी दिसत होत्या. खालून बसचा हॉर्न आला. अण्णा पाठीमागून ओरडत होते, "निल्ली! निल्ली!" थांबा म्हणून, पण कुणाला? मग काचेतल्या रिबिनीही दिसेनाशा झाल्या.

आणि गाडी थांबली.

कशाला आपटली नाही. आडवं काही आलं नाही. एक आचका देऊन, भर उतारावर, मोठा रस्ता पाच-सहा हात राहिला असताना उभी राहिली. समोरून बस निघून गेली.

ह्यांनी दार उघडलं. नंदा सीटवर होती. पाय अधांतरी, पेडलपासून हातभर वर. दोन्ही हातांनी तिनं गिअरचा दांडा खाली ओढून धरला होता.

"बाबा," ती म्हणाली, "मी फर्स्ट टाकला."

मी तिला उचललं. ह्यांनी धोतराचा विचार न करता रस्त्यावर लोळण घेतली आणि गाडीखाली बघितलं. बराच वेळ बघितलं. त्या दिवशी अंगठा हलवायचं भान ह्यांना नव्हतं, आणि मलाही हाक मारायचं नव्हतं. बाहेर आले तेव्हा चेहरा पांढरा. बापट वाकले. सळई खाली मोकळीच लोंबत होती.

दोघांनी मिळून गाडीला मागून खांदा लावला. उतार पुढचा होता, तरी गाडी तसूभर हलली नाही. आणखी चार माणसं लागली. नाही हलली.

मी नंदाला कडेवर घेऊन तशीच अक्कांच्या देव्हाऱ्यात गेले. केळीच्या पानावर मधोमध पिन होती. तिच्यावरचं फूलसुद्धा तसंच होतं. पिनेविना फर्स्ट पडला कसा, ते आजवर ह्यांनाही सांगता आलेलं नाही.

तेव्हा बायांनो, एवढं करा. रस्त्यात उभ्या असलेल्या गाडीच्या चाकाखाली दगड दिसला, तर तो कुणी ठेवला हे विचारल्याशिवाय काढू नका. हे आपल्या घरात सांगा, शेजारी सांगा. आणि जिला आपली अक्षरं येत नाहीत, तिला आधी जाऊन तोंडानं सांगा.